वेळेआधी पोचण्याचा दंड

व्हिडिओ गेम म्हटलं की आपल्या घरांत एकच चित्र डोळ्यांपुढे येतं: हातात मोबाइल, कानात गोळ्यांचा आवाज आणि जेवायला दहा हाका. आम्ही शाळेत शिकवतो. त्यामुळे हे चित्र घरात एकदा आणि वर्गात साठ वेळा पाहतो. आज ज्या गेमबद्दल लिहायचं आहे तो या चित्रात बसणारा नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यात बंदूक नाही, मारामारी नाही, शेजारून कुणी धक्का देत नाही. एक गाडी, एक कच्चा रस्ता, एक घड्याळ आणि शेजारच्या सीटवर बसून रस्ता वाचून दाखवणारा एक माणूस, एवढाच सगळा मामला. गेमचं नाव 'डर्ट रॅली २.०'. इंग्लंडच्या कोडमास्टर्स कंपनीने तो २०१९ साली काढला.

आमच्या घरी तो आला दोहाहून. आमचा धाकटा भाऊ, म्हणजे मुलांचा मामू, गेली बारा वर्षं तिथे नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी ईदच्या सुट्टीत येताना त्याने एक वापरलेला प्लेस्टेशन आणला आणि त्याबरोबर ही एक तबकडी. मामूला गाड्यांचं वेड आहे, आणि कतरमध्ये राहणाऱ्याला ते लागायला कारणही आहे. तिथले नासिर अल-अतिया हे रॅलीतलं मोठं नाव. २०११ साली त्यांनी डकार रॅली पहिल्यांदा जिंकली, आणि दुसऱ्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. "एकच माणूस, आपा! वाळवंटात गाडी पण आणि बंदूक पण," असं मामू सांगत होता, आणि आमचा थोरला डोळे मोठे करून ऐकत होता.

रॅली म्हणजे काय हे आम्हालाही तेव्हाच कळलं. गोल ट्रॅकवरच्या शर्यतीत सगळ्या गाड्या एकदम सुटतात. रॅलीत त्या ठरावीक अंतराने एकेक सुटतात. रस्ता जंगलातला, डोंगरातला, कधी बर्फाचा, कधी नुसत्या खडीचा. दहा-बारा किलोमीटरचा एक टप्पा, तो कोणी किती वेळात पार केला ते लिहून ठेवायचं. असे अनेक टप्पे होतात आणि शेवटी सगळ्या वेळांची बेरीज. समोर दुसरी गाडी दिसत नाही, त्यामुळे राग काढायला कोणी नसतं. गाडी झाडावर आदळली तर चालवणाऱ्याचाच हात चुकलेला असतो.

या गेममध्ये घडलेलं मागे फिरवून पुन्हा खेळण्याची सोय नाही. दिवा फुटला तर पुढचा रात्रीचा टप्पा अंधारात. दुरुस्तीला मोजकी मिनिटं मिळतात, आणि त्यात आधी काय जोडायचं हे ठरवावं लागतं. शिक्षकाच्या नजरेने पाहिलं तर हा खेळ फार कडक परीक्षक आहे. कृपेचे गुण एकही नाही.

शेजारी बसणाऱ्या माणसाला को-ड्रायव्हर म्हणतात. खऱ्या रॅलीत हे दोघं आधी रस्ता सावकाश फिरून पाहतात आणि प्रत्येक वळणाची नोंद वहीत करतात. मग स्पर्धेत को-ड्रायव्हर ती वही वाचत जातो आणि ड्रायव्हर, जे अजून दिसलेलं नाही त्याच्यासाठी, केवळ त्या शब्दांवर विश्वास ठेवून गाडी वळवतो. या गेममध्ये इंग्रजीत आवाज आहे फिल मिल्स यांचा. ते खरोखरचे को-ड्रायव्हर. २००३ साली पेटर सोल्बर्ग जगज्जेते झाले तेव्हा त्यांच्या शेजारी हेच बसले होते. भारतातही या कामात मोठं नाव आहे केरळच्या कासारगोड जिल्ह्यातल्या मूसा शरीफ यांचं. तीनशेच्या वर रॅलींमध्ये त्यांनी वही वाचली आहे. इतकी वर्षं दुसऱ्याच्या शेजारी बसून त्याला सुखरूप वाट दाखवणं, हे काम आम्हाला आमच्या पेशाच्या फार जवळचं वाटलं.

आता अडचण अशी की फिल मिल्स साहेबांचं इंग्रजी वेल्सच्या वळणाचं आणि गाडीइतकंच वेगवान. आमची मुलं उर्दू माध्यमाची. थोरल्याला "लेफ्ट फोर टाइटन्स" हे शब्द कळेपर्यंत गाडी ओढ्यात गेलेली असायची. तेव्हा सातवीत असलेल्या धाकटीने हे काम आपल्या अंगावर घेतलं. भाऊ खेळत असताना ती शेजारी बसून एकेक वळण वहीत उतरवू लागली. वळणांना आकडे असतात: एक म्हणजे फार अरुंद, अगदी हळू, सहा म्हणजे जवळजवळ सरळ. त्यापुढे वळण आवळत जातं की सुटत जातं, उंचवटा आहे का, आतल्या बाजूला दगड आहे का, हे सगळं.

पहिल्या दिवशी तिने घरच्या बोलीत "दायें चार, बायें तीन" असं सांगायला सुरुवात केली आणि चार वळणांत दोनदा अपघात झाला. कारण धांदलीत 'दायें' आणि 'बायें' कानाला सारखेच लागतात. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच निर्णय घेतला: "अम्मी, हे मराठीत बरं पडतं. उजवं आणि डावं यांत गफलत होत नाही." आम्ही वीस वर्षं दोन्ही भाषा शिकवतो आहोत, पण हा फरक आम्हाला कधी सुचला नव्हता. तेव्हापासून आमच्या घरात संध्याकाळी असं ऐकू येतं: "डावं पाच, उंचवट्यावरून, पुढे उजवं तीन, आवळतंय, आत घालू नको, जपून!" वही उर्दूत आणि वाचन मराठीत.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे गाड्यांच्या वर्गांकडे येतो. या गेममध्ये गाड्या नुसत्या रांगेत उभ्या नाहीत, त्यांचे वर्ग पाडलेले आहेत. गाडी कोणत्या काळातली, तिचं इंजिन किती ताकदीचं आणि कोणती चाकं तिला हलवतात, यावरून वर्ग ठरतो.

सगळ्यात खाली एच-१. हा १९६० च्या दशकातल्या, पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांचा वर्ग. यात मिनी कूपर एस आहे. तीच ती डबीसारखी दिसणारी गाडी. तिच्या मूळ १२७५ सीसी इंजिनाची ताकद पाऊणशे अश्वशक्ती, म्हणजे आपल्या जुन्या मारुती ८०० च्या साधारण दुप्पट. पण १९६४ साली पॅडी हॉपकर्क यांनी मिनी कूपर एसमध्येच माँटे कार्लो रॅली जिंकून भल्यामोठ्या गाड्यांना मागे टाकलं. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचा स्वभाव भोळा असतो. वेग जास्त झाला तर ती वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की बहुधा तिचं नाक परत रस्त्याकडे येतं. नवख्याला ती शिकण्याची संधी देते.

त्यानंतर एच-२ आणि एच-३. इथे बहुतेक गाड्यांना मागची चाकं ढकलतात. पाय जरा जास्त दाबला की गाडीचं शेपूट बाहेर फिरतं आणि ते सावरायला स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. एच-३ मध्ये डॅटसन २४०-झेड नावाची जपानी गाडी आहे. १९७३ साली याच गाडीतून शेखर मेहता यांनी पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली जिंकली. युगांडात जन्मलेले, मूळ भारतीय घराण्यातले हे गृहस्थ पुढे १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षं तीच रॅली जिंकले. एकूण पाच वेळा. केनियाचे जोगिंदर सिंग यांनीही ती तीनदा जिंकली होती. आमच्या मुलांना ही नावं शाळेच्या कुठल्याच पुस्तकात भेटली नव्हती.

अलीकडच्या गाड्यांमध्ये आर-२ हा वर्ग शिकाऊ तरुणांचा: छोटी गाडी, १६०० सीसी इंजिन, पुढची चाकं. त्याच्या बऱ्याच वर आर-५: तेवढंच इंजिन, पण टर्बो लावलेलं आणि चारही चाकांना ताकद. ग्रुप ए म्हणजे बाजारात मिळणाऱ्या गाडीवरूनच बनवलेल्या, पण रॅलीसाठी तयार केलेल्या गाड्या. आणि या सगळ्यांत, जिचं चित्र पाहताच मुलांचे हात शिवशिवतात ती ग्रुप बी.

गेममध्ये वाटेल ती गाडी घेऊन नुसतं घड्याळाशी झुंजण्याचीही सोय आहे. पहिल्या संध्याकाळी थोरल्याने अर्थातच ग्रुप बी उघडला आणि ऑडी स्पोर्ट क्वाट्रो एस-१ निवडली. ताकद साडेचारशे अश्वशक्तीच्या वर. टर्बो जरा उशिरा जागा होतो. तोवर काहीच होत नाही, आणि मग सगळं एकदम होतं. ती गाडी तिसऱ्या वळणाला दरीत गेली. दुसऱ्या खेपेला दुसऱ्याच वळणाला. अर्ध्या तासात एकही टप्पा पूर्ण झाला नाही.

तेव्हा आमचे सासरे, मुलांचे दादा, खाटेवर बसून हे पाहत होते. दादांनी एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर म्हणून काढली, त्यातली बरीचशी चिपळूण-कराड रस्त्यावर. कुंभार्ली घाटातलं वळण न् वळण त्यांना पाठ. पावसाळ्यात धुकं उतरलं की समोरचं काही दिसायचं नाही, तेव्हा मैलाच्या दगडावरून आणि झाडावरून पुढचं वळण ओळखायचे. त्यांनी विचारलं, "या गाड्यांत लहान कोणती रे?" थोरल्याने नाइलाजाने मिनी दाखवली. "ती घे. आम्ही लागलो तेव्हा आम्हाला पण आधी सपाटीच्या फेऱ्या दिल्या. घाट नंतर मिळाला. आणि ऐक, ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतरायचं."

मिनीने टप्पा पूर्ण झाला. वेळ फार लागला, पण शेवटची रेषा दिसली. मग एक-दोन महिने मिनी, मग आर-२, मग मागच्या चाकांच्या गाड्या असं करत थोरला वर्षभरात आर-५ पर्यंत पोचला. दादा आणि नातू यांच्यात एवढं बोलणं त्याआधी कधी होत नव्हतं. दादांना आता ऐकू कमी येतं, पण धाकटीने मोठ्याने वाचलेलं "उजवं दोन" बरोबर ऐकू येतं.

आम्हाला सवय अशी की मुलांच्या हातात जे पडेल त्याची माहिती काढायची. ग्रुप बी गेममध्ये सगळ्यांचा लाडका, मग तो आता का नाही, हे आम्ही शोधलं आणि मुलांना बसवून सांगितलं. तेच इथेही सांगतो.

१९८२ साली नवे नियम आले. कंपनीने एका प्रकारच्या २०० गाड्या बनवल्या की ती ग्रुप बी मध्ये उतरवता येत असे, आणि त्यातही सुधारलेल्या गाड्या फक्त २० बनवल्या तरी चालत. ग्रुप ए साठी हाच आकडा ५,००० होता. म्हणजे ग्रुप बी मध्ये लोकांनी विकत घेण्याजोगी गाडी बनवण्याचं बंधन जवळजवळ राहिलं नाही. कंपन्यांनी केवळ वेगासाठी यंत्रं बांधली. लान्चिया डेल्टा एस-४ या गाडीचं वजन ९०० किलोच्या आत आणि ताकद ग्रुप बी मधल्या सगळ्यात दांडग्या गाड्यांच्या बरोबरीची. ताकद वर्षागणिक वाढत गेली. रस्ते तेच राहिले. माणसाचे डोळे आणि हातही तेच राहिले. रस्त्याच्या कडेला प्रेक्षकांची गर्दी अशी की गाडी येताना लोक बाजूला होत आणि गेल्यावर पुन्हा रस्त्यावर येत.

मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत एक गाडी गर्दीत घुसली. तीन जण गेले, तीसहून अधिक जखमी झाले. त्यानंतर २ मे १९८६ रोजी कोर्सिका बेटावरच्या रॅलीत, सगळ्यांच्या पुढे असलेले हेन्री टोइव्होनेन आणि त्यांचे को-ड्रायव्हर सर्जिओ क्रेस्टो यांची डेल्टा एस-४ एका डाव्या वळणावर रस्ता सोडून खाली कोसळली आणि पेटली. दोघेही वाचले नाहीत. टोइव्होनेन २९ वर्षांचे होते. त्यानंतर संघटनेने निर्णय घेतला आणि १९८७ पासून ग्रुप बी जागतिक स्पर्धेतून बाद झाला. टोइव्होनेन काही नवखे नव्हते. जगातल्या मोजक्या उत्तम ड्रायव्हरांपैकी होते. त्यांनाही ती ताकद आवरली नाही.

मुलं गप्प बसली. धाकटीने विचारलं, "वही वाचणाऱ्याची तर काही चूक नव्हती ना?" आम्ही म्हटलं, नव्हती. मागे किंवा शेजारी बसणाऱ्याची चूक सहसा नसतेच.

हे सगळं इतक्या तपशिलाने सांगण्याचं कारण आता येतं.

यंदा थोरल्याचा दहावीचा निकाल लागला. ७३ टक्के. आमच्या घरी पेढे वाटले गेले. नातेवाइकांत मात्र दुसऱ्या एका मुलाला ९१ मिळाले होते, त्यामुळे अभिनंदनाच्या प्रत्येक फोनमध्ये शेवटी तो आकडा यायचा. रॅलीच्या निकालपत्रात एकूण क्रमांक असतो आणि शेजारी वर्गातला क्रमांकही असतो. आर-२ ची गाडी एकूण पंचविसावी आली तरी आपल्या वर्गात पहिली असेल तर तिला बक्षीस मिळतं, आणि आर-५ च्या मागे राहिली म्हणून तिला कोणी बोलत नाही. आमच्या मुलाला नववीत गणितात ४१ होते, दहावीत ६८ झाले. आम्ही त्या ६८ चे पेढे वाटले होते.

निकालाच्याच रात्री दोहाहून फोन आला. मामू खूश होता. म्हणाला, "आपा, भाच्याला मोटारसायकल घेऊन देतोय. दोघांचं ठरलंय. १५० सीसी, काळी. पैसे उद्या पाठवतो."

थोरल्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. आमच्या पोटात मात्र खड्डा पडला.

वाचक भगिनींनो, ज्यांच्या घरातलं कोणी आखाती देशांत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. तिकडे उन्हात राबणाऱ्या भावाला भाच्याचा आनंद पाहायला मिळत नाही, म्हणून तो वस्तू पाठवतो. ती वस्तू परत करणं म्हणजे त्याचं प्रेम परत करणं, असं त्याला वाटतं. शिवाय मोहल्ल्यात उदाहरणं होतीच. थोरल्याच्या वर्गातले पाच-सहा जण मोटारसायकल चालवत होते. शाळेत आणायला बंदी म्हणून ती मुलं गाड्या कोपऱ्यावरच्या दुकानापाशी लावतात, हे आम्ही रोज येता-जाता पाहतो. मगरिबनंतर हायवेच्या बाजूने जे आवाज येतात तेही रोज ऐकतो. आमच्या नोकरीत दोनदा असा दिवस आला आहे की पहिल्या तासाला हजेरी घेताना एका नावावर थांबावं लागलं. दोन्ही मुलं अठराच्या आतली होती. दोघांच्याही घरी गाडी कौतुकानेच आली होती.

दुसऱ्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर सगळे बसलो. मुलांचे अब्बा, दादा, दोन्ही मुलं. थोरल्याने आपली बाजू चांगली मांडली. वर्ष-दीड वर्षात त्याने शिस्तीत एकेक वर्ग चढून दाखवला होता. "आर-५ चालवतो मी. त्यापुढे १५० सीसी म्हणजे काय?"

मुलांच्या अब्बांनी कायदा सांगितला. मोटार वाहन कायद्यातही वर्गच आहेत. १६ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला फक्त ५० सीसीपर्यंतची गाडी चालवण्याचा परवाना मिळतो. त्यावरची मोटारसायकल आणि मोटारगाडी १८ नंतर. प्रवासी किंवा मालवाहू गाडी २० नंतर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. "म्हणजे दोन वर्षांची घाई करून नऊ वर्षं घालवायची," अब्बा म्हणाले.

थोरला म्हणाला, "पण सगळे चालवतात. पकडतं कोण?"

दादा इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, "बेटा, तुझ्या त्या खेळात गाडी दरीत गेली की तू काय करतोस?"

"पुन्हा सुरू करतो."

दादा पुढे काही बोलले नाहीत. कुंभार्ली घाटात त्यांनी इतक्या वर्षांत काय काय पाहिलं ते त्यांनी घरात कधी सांगितलेलं नाही. जीव ही अमानत आहे, एवढंच ते म्हणत आले आहेत.

मग आम्ही एक नियम सांगितला. उन्हाळ्याच्या सुट्टीत जागतिक रॅली स्पर्धेचे नियम वाचताना तो सापडला होता. वेगाच्या दोन टप्प्यांच्या मधला रस्ता सर्वांसाठी खुला असतो. तिथे रॅलीची गाडी साध्या गाडीसारखी चालते; तिला नंबर प्लेट असते, वेगमर्यादा असते, सिग्नलला थांबावं लागतं. पुढच्या टप्प्याआधी एक नाका असतो आणि तिथे दिलेल्या मिनिटालाच हजर व्हायचं असतं. उशीर झाला तर प्रत्येक मिनिटामागे १० सेकंदांचा दंड. आणि लवकर पोचलं तर प्रत्येक मिनिटामागे एक पूर्ण मिनिट.

थोरल्याने मान वर केली. "लवकर पोचल्याचा दंड सहापट?"

"सहापट. वेगाचाच खेळ आहे, तरी वेळेआधी पोचणाऱ्याला जास्त शिक्षा. कारण तो मधल्या रस्त्यावर, जिथे साधी माणसं चालतात, तिथे घाई करून आलेला असतो."

याने त्याचं समाधान झालं असं म्हणता येणार नाही. तो उठून गेला. पण नियम खोटा आहे असंही तो म्हणाला नाही. नियम मानायची सवय त्या खेळानेच त्याला लावली होती.

मामूशी बोलणं अधिक कठीण गेलं. आम्ही सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आपा, तुम्ही लोक फार घाबरता. मी पंधराव्या वर्षी चालवत होतो." आम्ही म्हटलं, "चालवत होतास, आणि अम्मी दारात उभी राहत होती. तुला माहीत नाही, तू घरी येईपर्यंत ती खाली बसत नसे." फोनवर बराच वेळ शांतता होती. मग त्याने कामाचं निमित्त सांगून फोन ठेवला. दोन आठवडे त्याचा फोन आला नाही. ते दोन आठवडे आम्हाला जड गेले. अब्बा म्हणाले, आपण स्वतः फोन करू. केला. तेव्हा मामूच म्हणाला की पैसे पोस्टात ठेवा, अठरा झाला की गाडी आणि हेल्मेट दोन्ही माझ्याकडून. तोवर गिअरची सायकल घेऊन द्या, तीही माझ्याकडूनच.

सायकल आली. थोरला तिच्यावरून कॉलेजला जातो. खूश आहे असं नाही. मित्रांच्या गाडीवर मागे बसतो का, हे आम्ही विचारतो आणि तो उत्तर देतो. ते खरं असतं असं आम्ही धरून चालतो. अजून पावणेदोन वर्षं काढायची आहेत.

या सगळ्यात एक प्रश्न मात्र अनपेक्षित दिशेने आला. त्या रात्री सगळे उठल्यावर धाकटी वही मिटत म्हणाली, "भाईला अठराव्या वर्षी मिळणार. मला?"

तिला मिशेल मूतोंबद्दल आम्हीच सांगितलं होतं. फ्रान्सच्या या बाईंनी १९८१ साली इटलीतली सानरेमो रॅली जिंकली. जागतिक स्पर्धेतली रॅली जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला. शेजारी वही घेऊन बसणाऱ्या फाब्रिझिया पोन्स याही महिलाच. पुढच्या वर्षी मूतोंनी तीन रॅली जिंकल्या आणि वर्षाअखेर त्या जगात दुसऱ्या आल्या, तेही पुरुषांच्या बरोबरीने एकाच यादीत. बायकांसाठी वेगळा वर्ग काढून त्यात त्यांना बसवलं नव्हतं. हे सगळं आम्हीच कौतुकाने सांगितलेलं. आता मुलीने हिशेब मागितला तर "बघू" म्हणून चालणार नव्हतं.

तिचे अब्बा म्हणाले, "मिळेल. पण आधी तुझी अम्मी शिकेल."

आमच्या घराण्यात अजून कोणत्या सुनेने गाडी चालवलेली नाही. कोणी मनाई केली असं नाही, कधी विषयच निघाला नाही. शाळा दोन किलोमीटरवर, आम्ही वीस वर्षं रिक्षाने किंवा चालत जातो. त्या रात्री विषय निघाला तो असा. दादांनी लगेच सांगितलं की शिकवायचं काम त्यांचं.

गेल्या महिन्यात आम्ही शिकाऊ परवान्याची परीक्षा दिली. वाहतुकीच्या खुणा ओळखायच्या होत्या. नागमोडी रस्त्याची खूण पाहून हसू आलं. परवान्यावर वर्ग लिहून आला आहे: बिनगिअरची मोटारसायकल. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी अगदी खालचा वर्ग. अब्बांच्या स्कूटरला पुढे-मागे लाल 'एल' लावलं आहे आणि रविवारी सकाळी शाळेचं मैदान मोकळं असतं तेव्हा सराव चालतो. दादा छत्री टेकून मध्ये उभे राहतात आणि एसटीच्या आवाजात सूचना देतात. धाकटीने मैदानाचीही वही केली आहे. पाण्याच्या टाकीपाशी उजवं दोन आहे, आवळत जाणारं, पुढे खडी. तिथे आम्ही अजून पाय टेकतो.